मे महिन्यात, जुन्या रस्त्यानं शिवपुरी

मे महिन्यात ग्वाल्हेरहून मोटारसायकलवर फिरायला कुणी निघत नाही. दुपारी शिंदे की छावनीच्या आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा गटाराच्या ओल्या कडेला पोट टेकून पडलेली असतात. तरी आम्ही मुद्दाम मे महिनाच निवडला. का, ते आधी सांगते.

माझे यजमान श्रीधर. समोर मी त्यांना ‘अहो’च म्हणते, पण लिहिताना नाव लिहिते, नाहीतर ‘हे’ म्हणजे कोण, असं वाचणाऱ्याला व्हायचं. त्यांना काचबिंदू आहे. उशिरा कळला. समोरचं नीट दिसतं, पण बाजूचं नाही. एखाद्या नळीतून बघावं तसं. अंधार पडायला लागला की तेही जातं. उलट भर उन्हात त्यांना सगळ्यात चांगलं दिसतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हापासून त्यांची काळी मोटारसायकल अंगणात झाकून ठेवलेली होती. दर रविवारी ते ती पुसायचे, चालू करायचे, पाच मिनिटं तिचा आवाज ऐकायचे आणि बंद करायचे.

ग्वाल्हेर ते शिवपुरी हा जुना आग्रा-मुंबई रस्ता. आमच्याकडे त्याला एबी रोड म्हणतात. आमच्यासारखी जी मराठी घरं इथे आहेत, ज्यांना शहरातले लोक अजून ‘दक्षिणी’ म्हणतात, त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी याच बाजूनं वर आले. शिवपुरी ही ग्वाल्हेर संस्थानाची उन्हाळ्यातली राजधानी. श्रीधर नोकरीला लागल्यापासून म्हणायचे, “एकदा आरामात जाऊ. वाटेत जिथे मन होईल तिथे थांबू.” नोकरीच्या कामासाठी ते त्या रस्त्यानं कितीतरी वेळा गेले होते, पण आरामात कधीच नाही. दर उन्हाळ्यात बेत व्हायचा आणि काहीतरी निघायचं. कधी गौरीची, म्हणजे आमच्या मुलीची परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं.

यंदा होळीनंतर डॉक्टर म्हणाले, “जे बघायचं आहे ते बघून घ्या. नजर अशीच टिकेलही, पण मी खात्री देत नाही.”

त्या रात्री जेवताना मीच म्हटलं, “मी मोटारसायकल शिकते. तुम्ही मागे बसा.”

त्यांनी घास तसाच हातात धरला. “तू? ती गाडी तुझ्यानं स्टँडवर तरी लागेल का?”

“शाळेत स्कूटरनं जातेच आहे इतकी वर्षं. गिअर तेवढे शिकवा.”

मी शाळेत गणित शिकवते. चोपन्न वर्षांची आहे. मेळा मैदान हिवाळ्यात जत्रेनं भरतं आणि एरवी मोकळं पडून असतं. तिथे रोज सकाळी श्रीधर मध्ये उभे राहून ओरडायचे आणि मी त्यांच्याभोवती गोल फिरायचे. क्लच सोडताना गाडी इतकी आचके देऊन बंद पडायची की फिरायला येणारी मंडळी बघत उभी राहायची. महिन्याभरात जमलं. रीतसर लायसन्सही काढलं.

इंदूरला नोकरी करणाऱ्या गौरीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, तू पागल झालीस का? मई में कोई जाता है? आणि बाबा मागे बसणार? बाबा? वो बैठेंगे ही नहीं.”

मलाही तीच भीती होती.

मोहना

पहाटे उजाडताच निघालो. दोघांच्या गळ्यात ओले पंचे, थर्मासमध्ये कैरीचं पन्हं, आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातली गरम झळ, लागू नये म्हणून खिशात एकेक कांदा. कांदा खरंच लू थांबवतो का ते मला माहीत नाही, पण इथे उन्हात जाणाऱ्याच्या खिशात तो असतोच. ऊन चढायच्या आत चालवायचं, दुपारभर कुठेतरी सावलीला पडायचं, असं ठरलं होतं.

कंपूची वस्ती मागे पडली, शहर संपलं, आणि मागून सुरू झालं.

“तिसरा टाक. अगं, तिसरा. समोर ट्रक आहे. हॉर्न दे. एवढा नाही. ब्रेक, ब्रेक.”

आता रस्ता चौपदरी आहे, सरळ आहे, सकाळी गर्दीही नसते. तरी मागून सूचना थांबेनात. त्यांना बाजूचं दिसत नसल्यामुळे एखादा ट्रक शेजारून गेला की तो त्यांच्यासाठी अचानक उगवायचा आणि ते दचकायचे. दचकले की गाडी हलायची. ती हलली की मी घाबरायचे. पनिहारचा चढ गेला, घाटीगाव गेलं, मला त्यातलं काही आठवत नाही. फक्त मानेत गोळा आला होता तेवढं आठवतं.

मोहन्याला चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली आणि हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. टपरीवाला मंगोडे तळत होता. आपल्या मुगाच्या भज्यांचेच हे चुलतभाऊ, पण डाळ भरड वाटलेली आणि वर हिरवी चटणी ओतलेली. श्रीधरांनी दोन प्लेट सांगितल्या. मी माझ्या प्लेटला हात लावला नाही.

“काय झालं?”

“अहो, गाडी मला चालवायची आहे की तुम्हाला?”

“मी मदतच करतोय.”

“मदत होत नाहीये. मला मागून भीती वाटते आहे, पुढून नाही. असंच चालणार असेल तर इथूनच परत जाऊ. खरंच जाऊ.”

ते चटणीत मंगोडा बुडवत राहिले. शेजारच्या बाकावर दोन ट्रकवाले होते. त्यांना मराठी कळत नव्हती, पण भांडण कोणत्याही भाषेतलं कळतं. ते भिंतीकडे तोंड करून चहा प्यायले.

प्लेट बाजूला सारून श्रीधर म्हणाले, “तू ब्रेक लावतेस की नाही, ते मला मागे कळत नाही. गाडी कुठे चाललीय तेच कळत नाही. भीती वाटते.”

हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. मी मंगोडा उचलला. तो गार झाला होता, तरी छान होता.

“मग असं करू,” मी म्हटलं. “ब्रेक लावायच्या आधी मीच सांगत जाईन. ट्रक आला तर कुठल्या बाजूनं येतोय ते सांगेन. तुम्ही रस्त्याचं काही बोलायचं नाही.”

“मग काय बोलू?”

“दुसरं काहीही बोला.”

पुढचा रस्ता मीच बोलत गेले. “उजवीकडून ट्रक. हळू करते. खड्डा आहे.” हेल्मेटमधून ओरडून घसा सुकला. मागून एकच शब्द यायचा, “हं.” पण गाडी हलायची थांबली.

शिवपुरी

शिवपुरीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. बाजाराजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली आणि दुपार कूलरसमोर काढली. जेवायला डाळ-टिक्कड. टिक्कड म्हणजे गव्हाची जाडजूड भाकरीच म्हणा, पण निखाऱ्यावर शेकलेली आणि तुपात अशी बुडवलेली की बोटं पुसायला वर्तमानपत्राचा कागदही पुरत नाही. आपण भाकरी मोडून कालवतो. इथे टिक्कड हातानं चुरून डाळीत मळतात आणि वर कच्चा कांदा ठोसा मारून फोडतात. श्रीधरांनी खिशातलाच कांदा फोडला. लू तर लागली नव्हती, म्हणाले, मग वाया का घालवायचा?

संध्याकाळी छत्र्या बघायला गेलो. राजघराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या या संगमरवरी समाध्या. आत त्यांच्या मूर्ती आहेत आणि त्यांना देवासारखे कपडे चढवतात, नैवेद्य दाखवतात. आपल्याकडे गेलेल्यांसाठी वर्षातून एकदा पान वाढतो. इथे ताट रोज वाढलं जातं. संध्याकाळी बागेत गारवा उतरतो, कुणीतरी पेटीवर भजन म्हणत असतं, पोरं फवाऱ्याच्या कडेनं पळत असतात.

पण संध्याकाळ ही श्रीधरांची वेळ नव्हे. पायऱ्यांपाशी ते थांबले. पायानं पुढची पायरी चाचपडली आणि परत मागे घेतला.

“हात धरा,” मी म्हटलं.

“इथे? लोक बघतील.”

“बघू देत. तुम्हाला ते दिसणार आहेत का?”

ते इतके मोठ्यानं हसले की भजन म्हणणाऱ्यानं मान वळवली. मग त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही सावकाश चढलो. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली आहेत. चार लोकांत एकमेकांचा हात धरून चालण्याची आमच्या घरची रीत नाही, म्हणून आम्ही चाललो नव्हतो. त्या दिवशी चाललो, आणि कुणी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात सख्या सागरावर गेलो. हा जंगलाच्या कडेचा तलाव आहे. मे महिन्यात पाणी बरंच मागे सरतं आणि किनाऱ्याच्या चिखलावर मगरी येऊन पडतात. मला एक लगेच दिसली. श्रीधरांना दिसेना. मी बोट दाखवत होते, पण बोटाचा त्यांना उपयोग नाही. बोटापासून मगरीपर्यंत नजर नेता नेता ती मध्येच हरवते.

“समोरच्या काठावर वाकडं झाड आहे. दिसलं?”

“दिसलं.”

“त्याच्या बुंध्यावरून खाली या. पाण्याच्या रेघेपर्यंत. आता रेघेवरूनच डावीकडे चला, हळूहळू.”

ते नजरेनं चालत गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“आली,” ते म्हणाले. “तोंड उघडं आहे तिचं.”

तोंड उघडं होतं हे मला दिसलंच नव्हतं. मी पुन्हा बघितलं. खरंच उघडं होतं. आम्ही तिथे बराच वेळ उभे राहिलो, पन्हं संपेपर्यंत.

नरवरचा घाट

तिसऱ्या दिवशी पहाटे नरवरला निघालो. सतनवाड्याला मोठा रस्ता सोडून आत वळलं की जंगल लागतं. पावसाळ्यात हे सगळं हिरवंगार असतं, पण मग झाडांपलीकडचं काही दिसत नाही. मे महिन्यात पानं गळालेली, फांद्या उघड्या, आणि त्यांच्यामधून थेट दरीपर्यंत नजर जाते. श्रीधरांना उन्हाळ्यातच यायचं होतं त्याचं हेही एक कारण होतं. रस्ता अरुंद, रहदारी नाही. मी बोलत होते, “डावं वळण, चढ आहे, दुसरा गिअर,” आणि मागून “हं”.

एका वळणावर वाळू पसरली होती. मी वेग कमी केला आणि नेमकं त्याच क्षणी श्रीधर दरी बघायला उजवीकडे झुकले. गाडी कलंडली. वेग जवळजवळ नव्हताच, त्यामुळे आम्ही पडलो असं म्हणण्यापेक्षा खाली बसलो म्हणावं लागेल. माझं कोपर खरचटलं. श्रीधरांची विजार गुडघ्यावर फाटली. गाडी आडवी.

“लागलं का तुला?” ते चाचपडत माझ्यापाशी आले. “माझी चूक. मीच हललो.”

“वाळू होती.”

“वाळू होती, पण मी हललो.”

दोघांनी मिळून गाडी उचलायचा प्रयत्न केला. ती गुडघ्यापर्यंत यायची आणि परत खाली बसायची. तेवढ्यात जंगलातून तीन बायका आल्या. डोक्यावर तेंदूपत्त्याचे भारे. या दिवसांत गावागावांतून बायका पहाटेच विडीची पानं तोडायला निघतात. त्या थांबल्या, आमच्याकडे बघितलं, हेल्मेट कुणाच्या डोक्यावर आहे, गाडीची किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघितलं.

“अरी, बाई चलाय रई है,” त्यातली थोराड बाई म्हणाली. “और बाबूजी पीछे.”

तिघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला श्रीधरांकडे बघवेना. चारचौघांत कुणी आपल्यावर हसलेलं त्यांना अजिबात खपत नाही.

“हाँ,” श्रीधर म्हणाले. “मुझे दिखता नहीं ठीक से. इसलिए ये चलाती हैं.”

हसू थांबलं. बायकांनी भारे उतरवून झाडाखाली ठेवले. थोराड बाईनं पदर खोचला, हँडल धरलं, आम्हाला कुठे धरायचं ते सांगितलं, आणि पाच जणांच्या जोरावर गाडी उभी राहिली. मग तिनं ओटीतून पिवळी फळं काढून आमच्या हातांवर ठेवली. तेंदूचीच फळं. चिकूसारखी गोड, बिया मोठ्या, शेवटी जिभेला जराशी तुरट लागतात. यालाच मराठीत टेंभुर्णी म्हणतात, हे मला घरी परतल्यावर पुण्याच्या मावशीकडून कळलं. इतकी वर्षं आम्ही तेंदूच म्हणत आलो.

“आँखिन को का हो गओ?” तिनं त्यांना विचारलं.

श्रीधरांनी तिला सांगितलं. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, रात्री दिसत नाही, पुढे काय होईल सांगता येत नाही. जे नातेवाइकांना सांगितलं नव्हतं, शेजाऱ्यांपासून लपवलं होतं, ते सगळं त्या घाटात बसून, फळं खात खात सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “बाई अच्छी चलात है. बस रेती में मत चलइयो.”

नरवरचा किल्ला त्या दिवशी खालूनच बघितला. डोंगराच्या माथ्यावरून तटबंदी लांबच लांब गेली आहे, उन्हात पिवळी झालेली. चढायला माझे गुडघे तयार नव्हते आणि श्रीधरांना पायऱ्यांची खात्री नव्हती. खालच्या बाजारात सिंध नदीच्या वाळूत पिकलेली खरबुजं आली होती. एक कापून घेतलं, दुकानाच्या सावलीत बसून खाल्लं आणि बिया चार लोकांदेखत रस्त्यावर थुंकल्या. किल्ला राहिला म्हणून आम्हा दोघांनाही वाईट वाटलं नाही.

पनिहारच्या अलीकडे

चौथ्या दिवशी परत निघालो. चौपदरी रस्ता झाला तेव्हा जुना रस्ता काही ठिकाणी सरळ करून घेतला गेला आणि त्याची वळणं बाजूला तशीच पडून राहिली. पनिहारच्या अलीकडे असाच एक तुकडा आहे. दोन्ही बाजूंना जुनी कडुलिंबाची झाडं, मध्ये उखडलेलं डांबर, पुढे मातीचा ढीग टाकून बंद केलेला. सावली बघून मी गाडी तिकडे वळवली आणि थांबवली.

श्रीधर उतरले. रस्त्याकडे बघत म्हणाले, “खरा एबी रोड हा. मी पहिल्यांदा आलो तो यावरूनच.” मग माझ्याकडे वळून, “शैला, एकदा चालवू दे मला.”

मला वाटलं होतंच की कधीतरी विचारतील. रस्ता रिकामा होता. ऊन लख्ख होतं. समोर मातीचा ढीग, म्हणजे पलीकडून गाडी येण्याचा प्रश्न नव्हता. नाही म्हणायला माझ्याकडे एवढंच होतं की मला भीती वाटते.

“मी मागे बसणार,” मी म्हटलं. “आणि थांबा म्हटलं की थांबायचं.”

ते बसले. क्लच असा सोडला की गाडी हललेलीसुद्धा कळली नाही. मला हे कधी जमेल असं वाटत नाही. पहिला, दुसरा. त्यांची पाठ ताठ झाली, खांदे उघडले. झाडांच्या सावल्या आमच्यावरून सरकत गेल्या. मी मागचा दांडा घट्ट धरला होता आणि तो हळूहळू सैल सोडला. ते काहीतरी गुणगुणत होते.

तेवढ्यात डावीकडच्या पायवाटेवरून एक म्हातारा सायकल घेऊन रस्त्यावर आला. मागे गवताचा भारा. तो आमच्याकडे बघतही नव्हता.

“थांबा.”

त्यांनी ब्रेक लावला. गाडी म्हाताऱ्याच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. त्यानं मान वर करून “राम राम” केलं आणि सायकल ढकलत पलीकडे निघून गेला. त्याला काही कळलंच नव्हतं.

श्रीधर तसेच बसून राहिले. एंजिन चालू होतं.

“मला दिसला नाही,” ते म्हणाले. “अजिबात नाही. रस्ता रिकामाच होता.”

त्यांनी एंजिन बंद केलं, गाडी स्टँडवर लावली, हाताच्या तळव्यानं टाकीवरची धूळ पुसली. मला वाटलं आता गप्प बसतील, घरापर्यंत एक शब्द निघणार नाही. मी थर्मासमधलं पाणी त्यांच्या हातात दिलं. ते प्यायले, तोंडावर मारलं.

“चांगली चालली ना?” त्यांनी विचारलं.

“फार चांगली.”

“झालं तर मग.” त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि आपणहून मागे जाऊन उभे राहिले. “चल. ऊन वाढतंय.”

मोठ्या रस्त्याला लागलो. मी सवयीनं सांगायला सुरुवात केली, “उजवीकडून ट्रक.” मागून “हं” आलं नाही. थोड्या वेळानं आवाज आला, “नीलगाय.”

“कुठे?”

“मागे गेली. डोंगराच्या उतारावर, वाळलेल्या पळसाखाली. दोन होत्या. एकीबरोबर पिल्लू.” मग, “ते बघ, माथ्यावर देऊळ आहे. इतक्या वेळा या रस्त्यानं गेलो, मला माहीतच नव्हतं.”

मला बघता येणार नव्हतं, समोर टँकर होता. पण ते सांगत राहिले. खाणीत कापलेल्या दगडाचे थर. शेतात एकटी उभी असलेली छत्री. विटांच्या भट्टीवर झोपलेली बाई. समोर जे येईल ते त्या छोट्याशा नळीत धरायचे, नीट बघायचे आणि मला सांगायचे. ग्वाल्हेरचा किल्ला दूर डोंगरावर दिसायला लागला तोही त्यांनाच आधी दिसला.

घरी

घरी पोचलो, आंघोळी केल्या, दहीभात खाल्ला. मी जमिनीवर पंख्याखाली आडवी झाले. गौरीचा फोन आला. श्रीधरांनी उचलला.

“बाबा, सांगा. कैसा रहा? आईनं पाडलं का?”

“पडलो, पण माझ्यामुळे,” श्रीधर म्हणाले. मग ते सांगायला बसले. मगर, तिचं उघडं तोंड, टिक्कड, तेंदूची फळं, नीलगाय, पिल्लू, माथ्यावरचं देऊळ. अर्धा तास झाला असेल. मी डोळे मिटून ऐकत होते. त्यातलं निम्मं मलाही नवीन होतं.

“आणि आई? तिला काय आवडलं?” गौरीनं विचारलेलं मला ऐकू आलं.

“तिला काही बघायला मिळालं नाही गं,” श्रीधर म्हणाले. “ती गाडी चालवत होती ना.”